अळूतल्या सापाची ओळख बाकी आहे

अर्जदार: मी स्वतः, कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा. ठिकाण: पिंप्राळा, माझी परसबाग. दिनांक व वेळ: आजच, रविवार, चहा गार होत असताना. साक्षीदार: रिक्षावाले नाना, हाती फावडे, त्यांच्या सासूबाई अक्का, टीव्हीवरची मालिका सोडून आलेल्या, हाती मुसळ, माझी सौभाग्यवती, स्टुलावर उभी. प्रतिवादी: अळूच्या वाफ्यातील एक साप, नाव अज्ञात.

वाचकहो, अशा प्रसंगी आमच्या गल्लीत पूर्वी एक आरोळी येत असे: "थांबा! आधी वळख, मंग काठी!"

पाठोपाठ आबा येत. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, दोरीने बांधलेला चष्मा, काखेत छत्री. ती छत्री ते रेल्वे फाटकासारखी आडवी धरीत व सर्वांना मागे सारीत. मग चौकशी सुरू. पट्टे डोक्यापासून आहेत की मागून? शेपूट आखूड की लांब? प्रत्येकाचा जबाब स्वतंत्र.

एकदा नाना वैतागले. "आबा, साप शे का जावई? इतली चौकशी!"

"अक्कानी चौकशी करी नही, म्हनीसन तर तू भेटना!" आबा म्हणाले.

मुसळ खाली ठेवून सर्वात मोठ्याने हसल्या त्या अक्काच.

मी एकदा रीतसर सूचना मांडली, की आधी मारावा, मग निवांत ओळखावा. आबांचा चेहराच उतरला. "मरेलले नाव इचारीसन काय करानं, भाऊ?"

मेलेल्या सापाची ओळख ते कधीच पटवून देत नसत. आणि नाव तर अख्ख्या गल्लीला हवे असे. म्हणून काठ्या खाली राहत. मग कोणी बिनविषारी कवड्या म्हणे, कोणी विषारी मण्यार, वाद रंगे, आणि तेवढ्यात साप मोरीच्या भोकातून निघून जाई.

"चौकशी अपुरी राहिनी," आबा अत्यंत खेदाने म्हणत, व चहा मागत.

प्रत्येक वेळी असेच घडे. इतका दुर्दैवी तपास अधिकारी मी पाहिला नव्हता. ते सोनगीरला लेकीकडे कायमचे निघाले, तेव्हा नानांच्या रिक्षात ट्रंक चढवताना मी विचारलेच, "आबा, एकाही सापाची ओळख पुरी झाली नाही. वाईट नाही वाटत?"

आबा छत्री गुंडाळत हसले. "भाऊ, कचेरीमा बसस ना तू? तारीख पडनी का फाशी टळस."

तरी आबांना नम्र विनंती, की सोनगीरच्या सापांआधीपासून आमच्या सापांचा आपणावर हक्क आहे. आपण त्वरित यावे. अर्ज पुरा होईपर्यंत कोणी हत्यार उचलू नये, असे मी येथे बजावले आहे. पट्टे नानांच्या मते पांढरे, अक्कांच्या मते पिवळे. स्टुलावरून सौभाग्यवतीचे म्हणणे, पट्टेच नाहीत. तिन्ही जबाब मी सावकाश, सुवाच्य अक्षरात घेत आहे.

"व्हयना का अर्ज?" नाना फावडे टेकून विचारत आहेत.

आत्ताच अळूचे एक पान मोरीच्या बाजूला हलले. ते मी जबाबात घेतलेले नाही.

उलट टपाली उत्तर मिळावे. तोवर पुढील तारीख द्यावी, ही विनंती.