पळत येणारी

तुळजापुरात देवळाच्या पायऱ्यांपाशी कवड्यांच्या माळा विकणारी ती बाई लई मोठ्यानं ओरडायची. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं आणि मी नवी नवरी होऊन या गावात आले होते. रोज पाण्याला जाताना वळणावरूनच तिचा आवाज कानी यायचा. एकेक कवडी पदरानं पुसून ती ओवायची. माळ गिऱ्हाइकाच्या हातात देताना देवीच्या नावाचा अर्थ सांगायची, "तुळजा म्हंजी ताबडतोब येणारी. हाक मारा, पळत येती!"

एकदा मी वैतागून म्हणाले, "मावशी, जरा हळू बोला की. देवीला ऐकू येत न्हाय व्हय?"

तिचे हात थांबले.

"रझाकारांनी माझ्या पोराला घरातनं ओढून नेलं, तवा नवरात्राच्या आधीचे दिवस व्हते. देवीला पलंगावर निजवलेलं व्हतं. म्या हाक मारली, पर हळूच मारली बाई. तिची झोपमोड कशी करायची?"

एवढं बोलून तिनं पुढची कवडी पुसायला घेतली.

त्या साली नवरात्राआधी रिवाजाप्रमाणं देवी पुन्हा पलंगावर निजली. पायऱ्यांवरच्या सगळ्या बायका आपसूक हळू बोलू लागल्या. ती मात्र देवळाकडं तोंड करून उभी होती आणि गिऱ्हाईक नसतानाही घसा फाटेस्तोवर ओरडत होती, "पळत येती! हाक मारा, पळत येती!"

तिला गप्प बस म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही.