चाचाला ‘आप’ म्हणालो

आमच्या घराण्यात बीए झालेला पहिला माणूस मी. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो. हैदराबादेहून पास होऊन डोंगरकड्याला आलो तेव्हा दसरा होऊन गेला होता आणि रब्बीच्या ज्वारीची पेरणी तोंडावर होती. आमच्या घरी बैल एकच. दुसरा शेजारच्या चाचाचा. दोघांची सावड होती. दोन घरचे बैल एका तिफणीला जुंपायचे, आज आमचं रान, उद्या त्याचं.

मला पाहताच चाचा ओट्यावरून ओरडला, “आला का बे भाड्या? मला वाटलं, तिकडंच खपला!”

लहानपणापासून आमचं असंच. तो मला भाड्या म्हणे, मी त्याला चाच्या. पण आता मी बीए होतो. जरा वाकून, हात कपाळाशी नेऊन म्हणालो, “आदाब अर्ज. आपके मिजाज कैसे हैं?”

चाचाच्या तोंडातलं पान थांबलं. त्यानं साहेबापुढं गुंडाळावा तसा डोक्याला रुमाल गुंडाळला आणि तो घरात गेला.

सकाळी त्याचा बैल आला नाही. पुढंही येईना. काळ्या रानातली ओल उडत चालली होती. ओल गेली की पेरलेलं उगवत नाही, आणि आमची वर्षाची भाकर त्याच रानातली. बानं मला गाठलं.

“काय बोल्लास त्याला?”

“काही नाही. अदबीनं बोललो. आप म्हणालो.”

बा मटकन खाली बसला. “आरं, आपल्याकडं भांडन झाल्याबिगर कोन कोनाला तुमी म्हनते? खालच्या आळीतले ते दोघं भाऊ तुमी-तुमीवर आले अन् महिन्यात चुली येगळ्या झाल्या. जाय, चांगली शिवी देऊन ये.”

गेलो. मला पाहून चाचानं बाजेवर चादर अंथरली. “बसा साहेब. आमी उभेच बरे.” चाचीनं कपबशीत चहा आणला. त्या घरात मला जन्मभर वाटीतच चहा मिळालेला.

वाटेत एकदोन शिव्या घोकून आलो होतो, पण हातात कपबशी धरून शिवी देता येत नाही. म्हणालो, “चाचा, माझ्यामुळं आपल्याला तकलीफ झाली असेल तर...”

“तकलीफ कायची? तुमी मोठे मानसं. बैल जरा लंगडून राहिला, इतकंच.”

लंगडा बैल समोर खुंट्याभोवती नाचत होता.

माझं डोकं फिरलं. कप खाली आदळला. “चाच्या! तिकडं रान वाळून राहिलं अन् तू हितं साहेब-साहेब खेळून राहिला? बैल सोडतो का मीच सोडू, म्हाताऱ्या?”

चाचा चाचीकडं वळला. “ऐकलं का? शुद्धीवर आलं पोरगं.” मग मला म्हणाला, “इतके दिस काहून न्हाई बोल्ला बे? बैल बसून-बसून माजला ना माहा!”

थोड्याच वेळात तिफण चालू झाली. चाचा बैल हाकत होता आणि चाड्यात बी सोडायला माझी मूठ होती. हाताची सवय मोडलेली. बी कुठं दाट पडे, कुठं पडेचना. चाचानं आधी मला शिव्या घातल्या, मग माझ्या बीएला, मग माझ्या आज्याला, पणज्याला. एक पिढी सोडली नाही. त्यातून बासुद्धा सुटला नाही. अन् बा बांधावर बसून समाधानानं चिलीम भरत होता.