पाहुण्यांसाठी घातलेला मांडव

थोरला म्हणतो, आईच्या वर्षश्राद्धाला दारात मांडव घालू. मी म्हणालो, घालायचा तर माझ्या तेराव्याला घाल, तिच्या नावानं नको. तो रुसला. रुसू दे. त्याच्या आईला मांडव म्हटलं की कपाळाची शीर उठायची. का, ते त्याला ठाऊक नाही, कारण तेव्हा तो पुण्याला हमालीला गेला होता आणि बायको-पोर आमच्यावर टाकून गेला होता. म्हणून लिहितो. चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, गोड मानून घ्या, नाहीतर ठेवून द्या.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. सुप्याच्या अलीकडं रस्त्याला लागून पाझर तलावाचं सरकारी काम निघालं होतं. अख्खं गाव त्याच्यावर. मी खोदायला, आमची मंडळी आणि सून माती वाहायला. सुनेचं पोर तीन महिन्यांचं. ती घरी बसली तर मस्टरला खाडा, आणि खाडा म्हणजे चुलीला सुट्टी. मग पोरालाही पाटीत घालून कामावर न्यायचं. तिथं सावली म्हणाल तर एक बाभळ. तिचाही पाला शेळ्यांनी संपवलेला. अशा बाभळीखाली सात-आठ पाट्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीत एक पोर. उन्हानं ओठ फुटलेली, मुंग्या लागलेली. आमची मंडळी मातीची पाटी टाकून येता येता दरवेळी वाकडी वाट करून नातवाच्या छातीला हात लावून बघायची. मुकादम ओरडायचा, "ओ मावशी, देवदर्शन झालं का?" ती म्हणायची, "तुजं लेकरू ठेव की हितं, मग घे दर्शन."

त्याच सुमाराला नगरहून एक कार्यकर्ता एसटीनं यायला लागला. खांद्याला झोळी, पायात टायरच्या चपला. त्यांची कसली संघटना होती. तो म्हणायचा, सरकारनं काम द्यायचं ते मेहेरबानी म्हणून नको, कायदाच पाहिजे. काम, पाणी, पोरांना सावली, सगळं कायद्यात लिहून घेऊ. मला त्याचा वीट आला होता. दर आठवड्याला निवेदन, दर आठवड्याला अंगठे. मी म्हणालो, "बायांच्या अंगठ्याची शाई निघंना झाली, कायदा कवा निघायचा?" तो हसायचा. या माणसाला कशाचा रागच येत नव्हता, त्याचाही मला राग यायचा.

आमची मंडळी मात्र त्याच्या प्रत्येक बैठकीला. घरी आली की मी विचारायचो, "झाला का कायदा?"

"तुमाला काय जातंय बोलायला? लेकरू माझ्या नदरंम्होरं सुकतंय. ह्यो मानूस म्हनतो लिहून घिऊ, तर घेऊ द्या की लिहून."

आणि खरंच एक दिवस तो धावत आला. गावोगावची निवेदनं पोचली होती, मोर्चेही निघाले होते, आणि आता मुंबईहून आमदारांची समिती कामं बघायला निघाली होती. आमच्या कामावर थांबणार, बायांचं ऐकणार, पुढं सुप्याला जेवून त्याच रस्त्यानं नगरला परत. त्यानं बायांना बजावलं, "जे आहे ते दाखवा. जे सोसता ते सांगा." आणि तो समितीला गाठायला नगरला गेला.

इथंच माती खाल्ली आम्ही. सरपंचांच्या कानावर गेलं की मुंबईचं पाहुणं येणार, आणि ते पेटले. "गावाच्या अब्रूचा सवाल हाय! पाव्हण्याला काय उनात हुबं करायचं?" एका माणसाला वाटलं नाही की पाहुणं ऊन बघायलाच येतंय. लग्नाचा मांडववाला आणला. बाभळीपासून रस्त्यापर्यंत कापडी मांडव, आंब्याची तोरणं. टँकर कुठून आला देव जाणे, गावाला प्यायला मिळत नव्हता तो. माठ भरले, त्यांना ओलं फडकं गुंडाळलं. पोरांच्या पाट्या दडवल्या आणि सरपंचीणबाईच्या नव्या लुगड्यांच्या झोळ्या मांडवाच्या वाशांना टांगल्या. बायांनी पेटीतली धड लुगडी काढली. पाहुण्यासमोर फाटकं कोण नेसतं? आमच्या मंडळीच्या हातात ओवाळणीचं ताट दिलं.

जीपगाड्या आल्या. कार्यकर्ता मागच्या जीपमधून उतरला आणि मांडव बघून जागीच थिजला. समितीचे अध्यक्ष भले म्हातारे गृहस्थ. ओवाळून घेतलं, गार पाणी प्यायले, झोळीतल्या आमच्या नातवाला झोका दिला. पोरगं जन्मात पहिल्यांदा सावलीत निजलं होतं, ते कशाला उठतंय?

"वा! मुलाबाळांची इतकी काळजी घेतलेली मी कुठंच पाहिली नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांच्या कारकुनानं ते लिहून घेतलं.

आमच्या मंडळीनं तोंड उघडलं, "साहेब, ह्ये आजच्यापुरतं..."

सरपंच मध्ये शिरले. "वैनी, पाव्हण्याम्होरं रडगानं न्हाई. च्या घ्या साहेब, च्या." कार्यकर्ताही बोलायला पुढं झाला, तर त्याच्याही हातात कपबशी दिली. पाहुणे उठले, हात जोडले, सुप्याकडं गेले.

धूळ खाली बसायच्या आत मांडववाला दोऱ्या सोडायला लागला. शेजारच्या गावात लग्न होतं त्याला. टँकरही गेला. सरपंचीणबाईनं झोळ्यांतून पोरं काढून आपली लुगडी घडी करून नेली, सरपंचही तिच्यामागं घरी गेले. नातू उन्हात आला आणि किंचाळायला लागला.

कार्यकर्ता डोकं धरून दगडावर बसला. म्हणाला, "आता पुन्हा निवेदन देऊ."

"निवेदन?" आमची मंडळी त्याच्यावर कडाडली. "त्यो कारकून लिहून गेला की हितं समदं ग्वाड हाय! आता शंभर अंगठं लावा, कोन वाचनार?" मग माझ्याकडं वळली, "आवं, बगत काय बसलाव? पाट्या आना पोरांच्या."

तिनं बायांना कामाची फाटकी लुगडी परत नेसायला लावली. पाट्या बाभळीखाली होत्या तशा मांडल्या. ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं, आम्ही रोज प्यायचो ते गढूळ पाणी तांब्यात भरलं, तांब्या ओवाळणीच्या ताटात ठेवला आणि ताट घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मी म्हणालो, "अगं, जीप अंगावर यील." ती म्हणाली, "ववाळनीचं ताट वलांडून कोन जातंय?"

तासाभरानं जीपगाड्या आल्या आणि थांबल्या. अध्यक्ष खाली उतरले. ताटात निरांजन नाही, हे बघून बुचकळ्यात पडले.

"सकाळी दुसऱ्याचं पानी पाजलं साहेब. ह्ये आमच्या घरचं. घ्या."

त्यांनी तांब्यात वाकून पाहिलं. प्यायले नाहीत.

"माजी सून ह्येच पिती. आन् लेकरू सुनंला पितं."

त्यांनी मान वर करून बाभळीकडं पाहिलं. "इथं सकाळी मांडव होता ना?"

"लग्नाला गेला."

मागच्या जीपमधलं कोणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. पाट्यांपाशी गेले, आमच्या नातवावर स्वतःची सावली पडेल असे उभे राहिले. थोडा वेळच. म्हातारे होते, घाम फुटला. कारकुनाला म्हणाले, सकाळचं खोडा. कारकून म्हणाला, "साहेब, झालेली नोंद खोडता येत नाही." खरं सांगतो, मला त्याला झिऱ्यात बुडवावंसं वाटलं. अध्यक्ष म्हणाले, "मग त्याच्या खाली दुसरी करा. या बाई सांगतील तशी."

तिनं सांगितलं. पाणी. सावली. आणि पोरं सांभाळायला एक बाई, तिलाही मजुरी.

कायदा लगेच नाही झाला. काही वर्षं गेली, तोवर नातू शाळेत जायला लागला होता. आमच्या तांब्यामुळं कायदा झाला असं कोणी म्हणालं तर मी त्याला वेड्यात काढीन. गावोगाव अशा बाया होत्या, आणि झोळीवाले कार्यकर्ते होते, कंटाळा न येणारे. पण आमचा कार्यकर्ता छापील कागद घेऊन आला आणि वाचून दाखवला, त्यात पाणी होतं, सावली होती, पोरं सांभाळणारी बाई होती. मला वाटलं, आता तरी ही शांत बसेल.

ती म्हणाली, "लिवलं ते ब्येस झालं. आता बगाया कोन जानार?"

आणि स्वतःच जायला लागली. जवळपास कुठं सरकारी काम निघालं की ही चालली. आधी पोरं कुठं आहेत ते बघायची, मग मुकादमाचा उद्धार. गुडघे गेले तरी काठी घेऊन. मी चिडायचो, सून पुण्याला थोरल्याकडं गेलेली, घरात भाकरी करायला कोणी नाही म्हणून. आता तर कायमचंच कोणी नाही.

परवा ओढ्याकडं गेलो तर बंधाऱ्याचं काम चाललेलं. मुकादम छत्रीखाली, पोरं उन्हात. माझं काय जात होतं? पण पाय हलेनात. म्हणालो, "सावली कुठाय रं पोरांची?"

तो घाईनं उठला. रस्त्याकडं बघत म्हणाला, "लावतो की बाबा. कोन पाव्हनं येनार हायत का?"

"न्हाई," मी म्हणालो. "कोन न्हाई येनार. लाव."

आणि तो लावीपर्यंत तिथंच उभा राहिलो.