एकेक ठोका

राहुरीजवळच्या वाडीतली क्रिस्टीना स्वतः गाडी चालवत नाही, पण उद्याच्या गाडीनं चालवणाऱ्याशी कसं बोलावं, हे तीच ठरवते. सुप्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत तिचं कामच ते. पडद्यावर काय दिसावं, धोका आला तर कुठला आवाज यावा. वाडीतल्या बायका म्हणतात, एलियाची पोरगी गाड्यांचे भोंगे करते. म्हणेनात बापड्या.

डुलकी लागून गाडी आपली लेन सोडू लागली की वाजायचा आवाज तिनं कित्येक महिने घडवला होता. कर्कश आवाज तिला नको होता. दचकलेला माणूस गाडी कुठंही घालतो. तिनं घडवलेला आवाज भारदस्त होता. घंटेचा एक ठोका, मग शांतता, मग पुन्हा एक. साहेब खूश झाले. आता वयस्कर ड्रायव्हरांवरची चाचणी तेवढी उरली होती. तिनं मोठ्या हौसेनं वडलांनाच आणलं. एलियाबाबांनी जन्मभर दुधाचा टेम्पो चालवला आणि वाडीतल्या चर्चची घंटाही वाजवली.

चाचणीच्या बंद रस्त्यावर ती त्यांच्या शेजारी बसली. आवाजाबद्दल त्यांना मुद्दामच सांगितलं नव्हतं. बोलता बोलता चाक पांढऱ्या पट्ट्यावर गेलं आणि ठोका पडला. बाबांनी स्टिअरिंग सोडलं, टोपी काढली आणि डोळे मिटून मान खाली घातली. गाडी कडेला जाऊ लागली. क्रिस्टीनानं घाईघाईनं गाडी थांबवायचं बटण दाबलं.

"कोन गेलं?" बाबांनी विचारलं.

वाडीत प्रार्थनेची घंटा भराभर वाजते. एकेक ठोका पडतो तो फक्त मयताला. ती नववीत असताना आई गेली, तेव्हा हाच ठोका बाबांनी स्वतःच्या हातानं दिला होता आणि ती आईच्या उशाशी बसून ऐकत होती. नवा आवाज म्हणून इतके महिने तिनं नकळत तोच घडवला होता. तो ऐकताना आपल्याला आईजवळ बसल्यासारखं का वाटायचं, हे तिला आज कळलं.

"बाकी कुणाला नाही कळायचं, बाबा. राहू दे ना," ती रडत म्हणाली. "आईचा आहे."

बाबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "म्या ती घंटा वाजवली, तवा तुजी आई ऐकायला न्हवती, पोरी. ही मानसं जिती हायेत. त्यांना उठवायची घंटा दे."

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना सांगून तो आवाज काढून टाकला. रविवारी ती रेकॉर्डर घेऊन चर्चच्या घंटेखाली उभी राहिली. बाबांनी दोर धरला आणि भराभर ओढायला सुरुवात केली. तिला रडू आलं, पण मान खाली गेली नाही.