वाद्यं लागेपर्यंत

माझा धंदा स्पीकरचा. बारशापासून शोकसभेपर्यंत, शनिवार पेठेत जिथं माईक लागतो तिथं बजरंग लागतो. तीस वर्षांत माझा दुश्मन एकच, स्पीकरमधला घूं. कुठं अर्थिंग सुटलं, वायर ढिली झाली की तो येतो, आणि लोक वळून माझ्याकडे बघतात.

आणि माझ्याच गोदामावरच्या खोलीत भाड्यानं राहणारी पोरगी हा घूं मुद्दाम काढते हे कळल्यावर माझं डोकंच फिरलं. ही दीपाली. मूळची वाशिमची, आयटीतली बरी नोकरी सोडून बसलेली. माझे मोडके माईक मागून न्यायची आणि नळाला बांधायची. पाणी यायच्या आधी नळ खोकतो ना, तो आवाज तिला हवा असायचा. मिक्सर, माझं शटर, जिन्यातलं मांजर, सगळं भरून घेऊन त्यावर स्वतः गायची. दोन वर्षं खपून तिनं नऊ गाण्यांचा पहिला अल्बम केला.

"याला म्हणतात काय?" मी विचारलं.

"एक्सपेरिमेंटल पॉप, काका."

"प्रयोग उंदरांवर करतात. माणसांना कशाला त्रास?"

हसली. चिडतच नाही, ही तिची एक वाईट खोड.

पण गेल्या महिन्यात तिचं हसू आटलं. वडील येणार होते, भीमराव. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, तुझं काम एकदा समोर बसून ऐकतो. पटलं नाही तर माझ्याबरोबर घरी यायचं. तिनं शब्द देऊन टाकला होता. आता ऐकवायचं कुठं? शेवटी मीच ज्येष्ठ नागरिक संगीत मंडळाच्या दीनानाथरावांना गाठलं. त्यांचा रविवार सकाळचा गवई आजारी पडला होता. "आणा दहा वाजता," ते म्हणाले, "रिकाम्या स्टेजपेक्षा बरं."

साठेक मंडळी जमली. भीमराव पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन. दीपालीनं लॅपटॉप उघडला आणि पहिल्याच क्षणी घूं. मी सवयीनं धावलो. स्टेजखाली रांगत शिरलो, एकेक वायर हलवली, अर्थिंग तपासलं. घूं काही जाईना. मग वरून ती त्याच घूंवर गायला लागली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे पहिलं गाणं आहे. लाजेनं चौथ्या गाण्यापर्यंत मी खालीच बसून राहिलो.

बाहेर आलो तर सगळा हॉल चिडीचूप. एवढा मान? माझा ऊर भरून आला. सगळी मिळून चाळीस मिनिटं झाल्यावर दीपालीनं हात जोडले, "धन्यवाद" म्हणाली. एक टाळी नाही. दीनानाथराव उठले आणि अगदी मायेनं म्हणाले, "घाई नव्हती हो. लागली ना वाद्यं नीट? आता करा सुरुवात."

या मंडळींचे गवई तंबोरे जुळवायला अर्धा अर्धा तास घेतात, आणि जाणकार तेवढा वेळ मान राखून गप्प बसतात. तसेच हे बसले होते. दीपालीचा चेहरा पांढराफटक पडला. मला भयंकर राग आला, पण कुणाचा तेच कळेना.

भीमराव उठले. "वाद्यं लावत नव्हती ती," ते हॉलला म्हणाले. "नऊ गाणी झाली. मी मोजली." मग लेकीकडे वळले. "मला काहीच समजलं नाही, बेटा. परत वाजव."

तिनं परत वाजवलं. या खेपेला लोकांनी ऐकलं. दोन आज्या उठून गेल्या, एकानं नळाच्या खोकल्यावर काढा सुचवला, पण ऐकलं. संपल्यावर भीमराव स्टेजपाशी आले.

"आताही नाही समजलं," ते म्हणाले. "अजून किती वर्षं लागतील तुला?"

"माहीत नाही, बाबा."

ते बराच वेळ पिशवीचा बंद चाचपत राहिले. "मग उद्या मी एकटाच जातो."

दीपाली तिथंच तोंड झाकून हुंदके द्यायला लागली. समोरचा माईक चालू होता. हॉलभर तिचं रडणं ऐकू जात होतं. माझा हात बटणावर होता, पण मी काही तो बंद केला नाही. दीनानाथराव डोळे मिटून बसले होते. हळूच म्हणाले, "वा."