जीप नको

मुलाने जीपच्या मॉडेलचा डबा उघडला, गोंदाचा उग्र वास पसरला आणि मला चंद्रपूरचं ते खेळण्यांचं दुकान आठवलं.

बाबा गडचिरोलीत पोलीस होते, रजेवर आले होते. शाळेसाठी युद्धाचा देखावा करायचा, म्हणून मी अशीच जीप निवडली. बाबांनी ती परत फळीवर ठेवली.

"गाडी नको. पायी चालणारे शिपाई घे. अन् दोघांमधी अंतर ठेवून चिकटव."

"काऊन?"

"सुरुंग फुटला तं एकच जाते, बाकीचे राह्यते."

मी घरापर्यंत रुसून बसलो होतो.

जंगलात बाबा नेहमी पायीच जायचे. त्या पावसाळ्यात पाय मुरगळला, म्हणून एकदाच गाडीत बसले.

मुलगा विचारतोय, "बाबा, जीपमध्ये कोणाला बसवू?"