पाव फेरा मागे

१० जानेवारी. रक्कम एक लाख शहाऐंशी हजार रुपये. हजर: मालक, फिटरकाका, वाशिंदचा टेम्पोवाला आणि मी. एवढ्या किमतीचे बाराशे पितळी व्हॉल्व्ह मुरबाडच्या आमच्या कारखान्यात परत आले होते. टेम्पोवाल्याने भाडं मागितलं.

"नेलंस तेव्हा दिलं ना?" मालक म्हणाले.

"शेठ, आणलं पण मीच."

मी या कारखान्यात सतरा वर्षं तपासणी करतो. घर सापगावला. परत आलेल्या मालातला दोष शोधायला मला दोन मिनिटं लागली आणि समजायला नऊ दिवस.

व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती एक रबरी रिंग असते आणि तिला दाबून धरणारा नट. नट बोटांनी जाईल तेवढा बसवायचा, नटावरून खालच्या भागावर येईल अशी एक लाल रेघ मारायची आणि मग पान्याने बरोबर एक फेरा द्यायचा. फेरा पूर्ण झाला की तुटलेली रेघ पुन्हा जुळते. बाराशेपैकी एकाही नगावर ती जुळत नव्हती. सगळीकडे नट पाव फेरा पुढे. माल परत करणारी कंपनी चिनी, पुण्याकडे यंत्रं जोडणारी. एकही व्हॉल्व्ह गळत नाही, हे त्यांनी पत्रात मान्य केलं होतं. त्याच पत्रात माल नाकारला होता.

तोच व्हॉल्व्ह आमच्याकडून युरोपातलं एक गिऱ्हाईकही घेतं. त्यांच्या कागदात फेऱ्याचा उल्लेखच नाही. अमुक दाबाला गळता कामा नये आणि हाताने सहज फिरला पाहिजे, एवढंच. ते कसं साधायचं हे तुम्ही ठरवा, लिहून काढा, सही करा. सही माझी असते. मी "एक फेरा" असं लिहून सही केली होती. म्हणजे जे चिन्यांनी पकडलं ते युरोपलाही कळवणं भाग होतं. मी कळवलं.

दोन्हीकडची मानकं कशी ठरतात हे मी कल्याणच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात वहीत शेजारी-शेजारी लिहून घेतलं होतं. युरोपात कारखानदार, तपासणारे आणि वापरणारे यांची समिती बसते. मसुदा देशोदेशी फिरतो, हरकती येतात, वर्षं जातात. एकदा ठरलं की प्रत्येक देश त्याच्याशी न जुळणारं आपलं जुनं मानक मागे घेतो. पाळणं ऐच्छिक. पण न पाळणाऱ्याने तेच दुसऱ्या मार्गाने साधल्याचं सिद्ध करत बसायचं, म्हणून बहुतेक जण स्वेच्छेने पाळतात. चीनमध्ये कोणत्या उद्योगाला कशाची गरज आहे हे सरकार आधी ठरवतं, मग मानक निघतं, त्यावर लागू होण्याची तारीख असते. काही सक्तीची, काही शिफारशीची. अलीकडे उद्योगांच्या संघटनांनाही स्वतःची करू देतात. आमच्या कागदावरचं मानक शिफारशीचं होतं. करारात त्याचा क्रमांक घातल्यावर शिफारस संपली.

मालकांना दुसरी, चिनी पद्धत पटली. त्यांनी बोर्डावर लिहिलं, "एकच फेरा. आजपासून." नट आवळणारे फिटरकाका; त्यांचे मी रोज वीस नग तपासले. पहिल्या दिवशी सात चुकले, दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी चार. साठात वीस. १४ जानेवारीला मालकांनी फिटरकाकांना बिनपगारी घरी बसवलं आणि मला सांगितलं, "फेब्रुवारीअखेर जमलं तर बरं, नाहीतर दुसरा माणूस." काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती.

रविवारी मी डोळखांबच्या बाजूला त्यांच्या पाड्यावर गेलो. काकू नाचणी पाखडत होत्या.

"या भाऊ. ह्यांना परत नेताय का नाय? घरात बसून माझ्या डब्यांची झाकणं आवळत्यात. एक उघडत नाय."

मी काकांना विचारलं, "बोर्डावर एक लिहिलंय. तुम्ही सव्वा का देता?"

"एकच देतो की."

"मग वरचा पाव?"

"तो वरचा." त्यांना माझा प्रश्नच कळेना. "एकावर थांबायचं कसं भाऊ? तुमी पूजेला रुपया ठेवता का सव्वा? खळ्यावर मजुरीची पायली भरली, का वर मूठ घालायची. ती काय मोजायची असते?"

"सपाट पायली दिली तर लावणीला कोन येईल आमच्याकडं?" काकू म्हणाल्या. "सांगा तुमच्या शेठला."

सतरा वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. माझ्या वहीत तो पाव फेरा "कामगाराची चूक" या रकान्यात होता. चूकच होती, पण ती हाताची नव्हती.

काकांनी रिकाम्या मुठीने हवेत पाना फिरवून पाहिला. मग म्हणाले, "रेघ जुळायला पायजे ना? मग आधी पाव मागं घेतो, मंग सव्वा देतो. तुमचा एक झाला, माझा सव्वा."

मी काडीने जमिनीवर गोल काढून पाहिला. उणे पाव, अधिक सव्वा. एक.

दुसऱ्या दिवशी काकांनी येऊन पन्नास नग केले. पन्नासांवर रेघ जुळली. "मग घ्या त्याला कामावर," मालक म्हणाले. पण काम करण्याची रीत बदलली होती, म्हणजे दोन्ही गिऱ्हाइकांना लिहायला हवं होतं. लिहिलं. होकार येईपर्यंत काका पुन्हा घरी.

चिनी कंपनीचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. एक ओळ: मान्य नाही, चालू कागद वापरा. युरोपचं उत्तर आठ दिवसांनी आलं. सुरुवातीला आभार, मग अकरा प्रश्न. हा कामगार रजेवर असला तर? पाव म्हणजे किती अंश? मी नव्वद लिहिलं. त्यांनी विचारलं, किती कमी-जास्त? मी एका रविवारी काकांकडून पन्नास नग पुन्हा करवून प्रत्येकाचा पाव मोजला आणि लिहिलं, शहाऐंशी ते पंच्याण्णव. त्यांनी पुन्हा आभार मानले.

काका दर तीन दिवसांनी फोन करत.

"काय म्हनतात युरोपवाले?"

"विचार करतायत."

"आनि चिनी?"

"त्यांचा करून झालाय."

मालकांनी तोवर दोन फिटरांना भेटायला बोलावलं होतं.

२३ फेब्रुवारीला चिनी कंपनीकडून सुधारलेला कागद आला. सगळ्या पुरवठादारांना, १ मार्चपासून लागू. पायरी क्रमांक चार: नट पाव फेरा मागे घ्यावा, नंतर सव्वा फेरा द्यावा, रिंग अधिक चांगली बसते. आमचा उल्लेख नव्हता. नाही म्हणणाऱ्यांनी पत्र वाचलं होतं, एवढं कळलं. काका दुसऱ्या दिवशी कामावर आले. युरोपचा होकार २६ तारखेला आला. सोबत, हा मुद्दा समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवू, हवं तर तुम्ही या, असं निमंत्रण. मालकांनी विमानाचं तिकीट कोण देणार ते विचारलं. कागदात ते लिहिलेलं नव्हतं.

२७ फेब्रुवारीला हिशेब झाला. वाशिंदच्या टेम्पोवाल्याला परतीचं भाडं चार हजार दोनशे. काकांच्या थांबवलेल्या पगारापैकी मालक अर्धा देतो म्हणत होते. मी सुधारलेला कागद पुढे ठेवला आणि विचारलं, पायरी क्रमांक चार पहिल्या तारखेपासून आपल्याकडे कोण करणार. फिटरकाकांना चौतीस दिवसांचे, दिवसाला सहाशे वीसप्रमाणे, एकवीस हजार ऐंशी रुपये दिले.